हाकेच्या अंतरावर

टोलिव्हर पेनी पोस्टचं तिकीट म्हणजे
हिरव्या चकचकीत कागदावर काळा शिकारी कुत्रा, तोंडात पत्र.
कोरणाऱ्याचा हात बेताचाच असावा,
कुत्रा वासरासारखा दिसतो.
फिलाडेल्फिया, अठराशे अठ्ठेचाळीस.
अँब्रोज टोलिव्हर, त्याचा एक पुतण्या, एक चामडी पिशवी,
शहरातल्या शहरात पत्र पोचवायचे दोन सेंट.
चौदा महिने चाललं. मग पुतण्या सोनं शोधायला
कॅलिफोर्नियाला गेला, आणि काकाचे गुडघे काही पळेनात.

सुटी तिकिटं मिळतात अधूनमधून,
अल्बमवाल्या पोरांनी कोमट पाण्यात भिजवून सोललेली.
किंमत असते ती पाकिटावरच्याला,
जिथं चिकटलं तिथंच राहिलं, त्याची.
अशी पाकिटं जगात पाच. परवापर्यंत.

वॉलनट स्ट्रीटवर तिसऱ्या मजल्यावर
मी खरं-खोटं पाहते, भिंगातून.
शाईची रेघ तिकिटावरून घसरून पाकिटावर उतरली
की आमच्या धंद्यात म्हणतात, तिकीट बांधलेलं आहे.
बांधलेलं असलं की मी सही करते.

ती पाचही एकाच बाईच्या नावाची:
मिस थिओडोसिया रँकिन, पाइन स्ट्रीट, बेकरीच्या वर.
पाचही लॉम्बर्ड स्ट्रीटवरच्या कुणा टोपीवाल्याची.
मी चालून पाहिलंय, तीनशे दहा पावलं,
हल्ली वाटेत एक सिग्नल लागतो.
हाकेचं अंतर.
पण हाक मारायलाही गळा लागतो,
म्हणून त्यानं दोन सेंट मोजले, कुत्रा चिकटवला.
पाच वेळा.

प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात तिची नोंद:
पोचलं. तारीख. उत्तर दिलं नाही.

उत्तर दिलं नाही, पण चुलीतही घातलं नाही.
बाकी शहरानं घातली, आलेली वाचून, उत्तरं देऊन,
नीट, व्यवहारी माणसांसारखी.
एका बाईच्या गप्प राहण्यानं हे तिकीट वाचलं.
कॅटलॉगात याला रकाना नाही.

मंगळवारी सहावं आलं.
लँकेस्टरच्या मिस्टर डिफेनडर्फरना
काकूच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, बटणांखाली.
पत्ता: जे. स्प्रूल, टोपीवाले, लॉम्बर्ड स्ट्रीट.
अक्षर बारीक, डावीकडे कललेलं.
मी खुर्चीत सरळ बसले.

तिकीट अस्सल. डिंक त्याच काळातला.
निळ्या दिव्याखाली काही लपवलेलं निघालं नाही.
फक्त शाई नाही.
शिक्का नाही, पेनाची साधी फुलीसुद्धा नाही.
म्हणजे पिशवीत पडलंच नाही.
मागची लाख शाबूत. आत कागद आहे,
उजेडासमोर धरला की घडीची सावली दिसते,
आणि सावलीत आणखी गडद काही, ओळी असतील.

उघडू नका, डिफेनडर्फर फोनवर म्हणाले, भाव उतरेल.
मग थोडं थांबून: पण खरं आहे ना हो?

न बांधलेलं तिकीट कुणीही, कधीही चिकटवू शकतं.
नियम मीच शिकवते नव्या पोरांना.
कुणी चिकटवलं ते मला ठाऊक आहे.
ठाऊक असणं हा पुरावा नव्हे, हेही मीच शिकवते.

प्रमाणपत्रावर टाइप केलं: तिकीट अस्सल.
मुळात याच पाकिटावर लावलं होतं का,
याबद्दल मत देता येत नाही.
सही केली.

पाकीट परत सरकवताना अंगठ्याला लागली
तिकिटाची खालची कड, जराशी सुटलेली.
तिथं जीभ फिरायची राहिली असावी,
घाईत,
किंवा मधेच थांबल्यामुळे.