अस्तर

सासूनं तिला घराबाहेर काढलं त्या भागात
सगळं सिडको रडत होतं,
मी बाही बघत होते.
कोपराच्या चार बोटं वर, चुण्या सात,
काठ उलटा लावलेला.
मोबाइलवर पुन्हा पाहिलं,
ती उंबऱ्यावर पडते तिथे थांबवलं, मोठं केलं,
पाठीच्या दोरीची लटकनं मोजली.

बुधवारचा भाग. शुक्रवारी तोच ब्लाउज
माझ्या दारात हँगरला.
मागे पोपडे दिसू नयेत म्हणून अहिरेबाईंची हिरवी चादर,
उजेडाला हर्षलचा अभ्यासाचा दिवा,
त्याला गुंडाळलेला बटर पेपर.
खाली लिहिलं:
सूनबाईंना न्याय मिळेल तेव्हा मिळेल,
ब्लाउज चार दिवसांत मिळेल.
चंद्रकला फॉल-पिको, त्रिमूर्ती चौक,
डेअरीच्या बाजूचा जिना.

हर्षल म्हणतो, आई, पहिल्या तीन सेकंदांत धरायचं,
नाहीतर बोट पुढे सरकतं.
मला हे नवीन नाही.
दारात बाई थबकते तीही तेवढीच,
चप्पल काढू की नको,
तेवढ्यात "या ना" म्हणावं लागतं.
हॅशटॅग मी टाचण्यांसारखे लावते.
जास्त झाले की कापडाला भोकं पडतात.

सगळंच काही लागू पडलं नाही.
रंगपंचमीला पांढरा ब्लाउज थेट रहाडीत बुडवला,
शिवण उसवणार नाही, असा रील केला.
शिवण उसवली नाही.
बघितलं एकोणीस जणांनी,
त्यात माझी नणंद तीनदा.
आणि सुई बोटात गेली तो,
पुसायचा राहून गेलेला,
साठ हजारांनी बघितला.
दुबईहून कुणी लिहिलं, ताई जपून.
ऑर्डर एक नाही.

हे अंबडहून रात्रपाळी करून येतात,
जेवताना विचारतात, लाइक भाजीत घालतात का गं?
घालतात, मी म्हणते.
आजची मेथी सूनबाईंच्या बाहीची आहे.

मशीन झाकलं की मी लिहायला बसते.
हर्षलनं ब्लॉग काढून दिलाय,
वर फोटो माझा नाही, कात्रीचा.
मुंढा कसा काढावा. कापड आधी का भिजवावं.
जुन्या मापावर नवं का शिवू नये,
अंग दर दिवाळीला बदलतं.
एकदा लिहिलं, नाव न घेता,
ऑपरेशनमध्ये एक बाजू गेलेल्या बाईच्या ब्लाउजविषयी:
अस्तराला आतून मऊ सुती खिसा,
खिशात कापूस, कापसात मूठभर मोहरी,
वजन दोन्हीकडे सारखं हवं,
नाहीतर खांदा झुकतो.
चौदा जणांनी वाचलं.
हर्षल म्हणाला, यात चालणारे शब्दच नाहीत.

सूनबाई घरी परतल्या त्या आठवड्यात
जिन्यावर रांग होती, सगळ्यांना सात चुण्या हव्या होत्या.
सिन्नरच्या गाडीनं एक बाई आली.
रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिली,
पदर दोन्ही खांद्यांवरून.
मग पिशवीतून जुना ब्लाउज काढला, घडी न मोडता,
आणि म्हणाली,
मोहरीचं लिहिलंय ते तुम्हीच ना?

मी हर्षलला म्हटलं, दिवा काढ, दूध घेऊन ये.
दूध आहे की.
तरी आण.
दार ओढून घेतलं.
टेपचं टोक थोडा वेळ तळहातात धरलं,
पत्र्याचं असतं, गार लागतं.

पावतीवर लिहिलं:
ब्लाउज एक, साधा, अस्तरासह. मंगळवारी.

चार पायऱ्या उतरून ती पुन्हा वर आली.
बाही त्या सूनबाईसारखी होईल का हो?

कोपराच्या चार बोटं वर, मी म्हटलं.
चुण्या सात.