चौकटची सत्ती

बॅरेंट्स समुद्रात, पाचव्या आठवड्यात,
रात्रीची भांडी विसळून झाली की
तुरिद घरी जाऊन यायची.
म्हणजे मेसमधल्या लॅपटॉपवर
क्लाक्सविकच्या घरातला संगणक उघडायची.
उपग्रहावरून पडदा तुकड्यातुकड्यांनी उतरायचा,
आधी राखाडी चौकोन, मग निळे,
सुईवर एकेक ओळ भरत जावी तसा.

त्यात गावाची वही होती :
कोणाच्या मेंढीच्या कानाला कुठली खूण.
डाव्याला खाच, उजव्याचं टोक तिरपं छाटलेलं,
दोनशे बारा कळप, दोनशे बारा कान-जोड्या.
एखादी नोंद करायची
आणि झोपायच्या आधी पत्त्यांचा एकट्याचा डाव.

त्या मंगळवारी डाव अडला होता.
ती कॉफी आणायला उठली
आणि उभ्याउभ्याच मला हाक मारली.
मी जहाजावरचा इलेक्ट्रिशियन,
मला वाटलं फ्रीजर गेला.

माउसला कुणाचाच हात नव्हता.
बाण हलला.
चौकटची सत्ती उचलली,
जरा अधांतरी धरली,
किलवरच्या अठ्ठीवर ठेवली.
मग थांबला,
आपल्याकडे कुणी बघतंय का
हे पाहावं तसा.

मी वायर उपटायला वाकलो.
ती म्हणाली, “थांब. डाव सुटू दे.”
आणि आम्ही दोघं, ओल्या हातांनी,
कोण कुठला तो, आमचा डाव सोडवताना बघत राहिलो.

“पासवर्ड काय ठेवलाय?”
“कसला पासवर्ड?
आमच्या दारांना कुलपं नसतात.
आलं कोणी तर कॉफी करून घेतं,
जाताना कप धुऊन पालथा घालतं.”

तुरिद, गावातलं दार गावाकडे उघडतं.
तू उघडं ठेवलंस ते बंदर आहे,
पाच हजार नऊशे नंबरचं,
आणि त्याच्यासमोर समुद्र नाही,
सगळं जग नांगर टाकून बसलंय.

दिराला फोन लावला. मोर्तान, झोपेतला.
आधी राउटरची वायर काढ.
मग लिही, मी सांगतो तसं.
एका बोटाने लिहीत होता, मध्येच खोकत होता,
मागे कुत्रं भुंकत होतं.
बंदर बुजवलं.
संगणकाला सांगितलं, यापुढे फक्त स्वतःचंच ऐक.
आणि जहाजापासून घरापर्यंत एक बोगदा.
बोगदा म्हटल्यावर दोघांनाही पटकन कळलं.
समुद्राच्या तळाखालून गाडी नेणारी माणसं.

किल्लीचे दोन भाग :
एक कुणालाही दाखव, फळ्यावर लिही,
दुसरा या लॅपटॉपच्या बाहेर जायचा नाही.
पहिल्यांदा जोडलं तेव्हा पलीकडच्या यंत्राने खूण सांगितली.
मोर्तानने तिकडून अक्षर अक्षर वाचली,
तिने इकडे बोट ठेवून पडताळली,
शरदात मेंढ्या खाली आणतात
तेव्हा कान चिमटीत धरून बघतात, तशी.
“आपलीच आहे,” ती म्हणाली.

तरी तिला झोप लागेना.
त्याने वहीला हात लावला असेल तर?
एक खाच इकडची तिकडे,
तर दोन भावांत पिढीभराचं वैर.
दोन रात्री फोनवर वाचन चाललं,
पडद्यावरची वही ही, कपाटातली कागदी तो.
दोनशे अकरा जुळल्या.
एक चुकली होती.
तारीख पाहिली, तर बारा वर्षांपूर्वीची,
अक्षर न अक्षर तिनेच टाइप केलेली.

पाहुण्याने काहीच नेलं नव्हतं.
“कानाला खडा,” ती म्हणाली,
आणि दुरुस्ती केली.

आता परवलीचा शब्द मागतो तो पडदा.
ती तो ओठ न हलवता टाइप करते,
मीही तेव्हा पाठ फिरवतो.
काल पुन्हा डाव अडला.
लाल नव्वी हातात, काळी दश्शी कुठेतरी खाली गाडलेली.
तिने माउसवरून हात काढला,
मांडीवर ठेवला,
आणि बाणाकडे
थोडा वेळ
बघत बसली.