दहा की पंधरा

फोर्कचा खालचा बोल्ट सुटला
आणि तसराळ्यात जे उतरलं त्याला तेल म्हणवेना.
राखाडी, पातळ,
मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीचा वास.
हरगोविंदनं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं,
म्हणाला, "बाबूजी, यात तेल कमी, तुमचे खड्डे जास्त."

जिनसी नाला नंबर दोन, एप्रिलची दुपार,
टपरीच्या पत्र्यावर लू आडवी पडलेली.
माझी यामाहा पुढच्या चाकाविना, विटांवर,
कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखी संकोचून.

प्रश्न एवढाच होता : दहा की पंधरा.

महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या आकड्यांखाली लाल रेघ मारली.
मॅन्युअल सोबत नेलं होतं.
नेमक्या त्याच पानावर, त्याच ओळीवर
जुन्या कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा :
प्रत्येक पायात एकशे...
आणि पुढे कागद पारदर्शक,
पलीकडच्या पानावरचा साखळीचा ताण दिसतो.

हरगोविंद म्हणाला, बाटलीवरच्या नंबरावर जाऊ नका,
एका कंपनीचं दहा ते दुसरीचं पंधरा निघतं.
उस्ताद तर इंजिनाचंच ओतायचे,
दूधवाल्यांच्या गाड्या, चार चार कॅन, कोण विचारतंय.
मग त्यानं फुटक्या आरशाच्या तुकड्यावर
शेजारी शेजारी दोन थेंब सोडले, तुकडा तिरका धरला.
आम्ही दोघं बघत राहिलो.
पंधराचा थेंब निघायलाच तयार नाही.
दहाचा निम्म्यावर पोचून चमकत होता.

इथे मे महिन्यात सेहेचाळीस, जानेवारीत तीन.
दहाचं उन्हाळ्यात पाणी होणार,
पंधराची थंडीत काकवी.
ग्वाल्हेर डोळ्यांपुढे ठेवून कुणी तेल केलेलं नाही.

आणि शैलजा.
जानेवारीत तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, चौथा नि पाचवा.
डॉक्टर म्हणाले, धक्का नको.
कुठला, किती, ते कागदावर लिहून दिलं नाही.
ती म्हणते, टमटमपेक्षा तुझी गाडीच बरी,
टमटममध्ये भांडायला हक्काचं कुणी नसतं.

पातळ घातलं तर ब्रेकला गाडीचं नाक खाली जातं
आणि ती मागून माझ्यावर आदळते.
घट्ट घातलं तर कंपूच्या वळणावरचा एकेक दगड
माझ्या मनगटांतून, सीटमधून, थेट तिच्या टाक्यांपर्यंत.

यातलं काही मी हरगोविंदला बोललो नव्हतो.
त्यानंच विचारलं, "मागे कोण बसतं? किती किलो?"
बावन्न, म्हणालो. ऑपरेशनआधी अठ्ठावन्न.
त्यानं आरशाचा तुकडा पुसून ठेवला.
पोराच्या खोकल्याच्या औषधाचं माप काढलं,
निम्मं दहा, निम्मं पंधरा,
दोन्ही पायांत केसाचा फरक नाही.
माझ्या ऑफिसात इतकी जुळलेली बेरीज मी क्वचित पाहिली.
मग नळी वर-खाली, वर-खाली,
आतली हवा बुडबुडत निघून जाईपर्यंत
तो एक शब्द बोलला नाही.
मग स्प्रिंग. मग झाकण.

संध्याकाळी जयारोग्यसमोरचा गतिरोधक,
गटारासाठी खणून तसाच बुजवलेला रस्ता,
उरवाई दरवाज्याचा चढ.
उतरताना एक म्हैस आडवी आली.
गाडी झुकली, थांबली,
आणि घाई न करता परत वर आली.
मी आरशात पाहिलं.
"आदळले नाही," ती म्हणाली.
मग बरंच पुढे गेल्यावर,
"थोडी आदळले तर चालेल पण. तेवढं ठेव."

उरलेलं तेल बाटलीत आहे, जिन्याखाली.
चिकटपट्टीवर माझं अक्षर :
मिश्र, अठरा एप्रिल, शिल्लक ऐंशी मिली.
डिसेंबरात धुकं पडलं की पहिले दोन किलोमीटर
फोर्क जरा आखडून चालतो.
मी दिलगिरीच्या सुरात काहीतरी पुटपुटतो.
ती मफलरमधून म्हणते,
असू दे, सकाळी सगळ्यांचंच तसं असतं.