तीन फायली

पिवळी डोक्याची.
निळी साखरेची.
तिसरी, पुठ्ठा उसवलेली, कशाची ते आठवत नाही,
बहुतेक छातीची, सत्त्याण्णव सालची.

दिवाळे गावातून निघताना
धाकट्याची चंपावती तिन्ही एका पिशवीत कोंबते,
काल सुकट आली त्याच,
आणि दारातून ओरडते,
"सगलं सांग हां दादा, काय लपवू नको."
मी सांगतोच.
पण ज्या खोलीत जे विचारतात
तेवढंच सांगता येतं.

पिवळ्या खोलीत : आवाज येतात?
कमी झालेत.
छान. त्याच गोळ्या. पुढचा.

निळ्या खोलीत : भात किती खाता?
रात्री दोनला उठून खातो, टोपातूनच.
"तोंडावर ताबा ठेवा, पाटील."
माझं आडनाव कोळी. पण रांग मोठी होती.

भूक त्या गोळ्यांनीच खवळते
हे पिवळ्या खोलीला ठाऊक होतं,
निळीला नव्हतं.
मधे एक जिना
आणि जिन्यावर मी.

नऊ वर्षं.

मार्गशीर्षात जिन्याखाली एक टेबल आलं,
टेबलामागे मुकादम बाई.
फायली त्यांनी बाजूला सारल्या. वास आला असेल.
म्हणाल्या,
"हसुराम, हात मांडीखाली का दाबून बसलात?"

हातांचं कुणी विचारलं नव्हतं.
काढून टेबलावर ठेवले.
बशीत कप वाजू लागला.

"कधीपासून?"
आवाज कमी झाले तेव्हापासून.
"आणि आधी या हातांनी काय करायचात?"

मग मी बोललो. खूप वेळ बोललो बहुतेक,
चहा निवून त्यावर साय धरली.
जाळी सांधायचो, म्हटलं. धाकट्याच्या होडीची, शेजाऱ्यांची,
अंधारातसुद्धा. डोळ्यांचं काम नाही ते.
आता सुई हातात धरली की
दोरा एकीकडे, मी एकीकडे.
आस बोटभर हवी, तर कुठे दोन बोटं, कुठे नुसता गुंता.
"आस म्हणजे?"
जाळ्याचं भोक, बाई.
त्यांनी वहीत लिहिलं : आस. खाली रेघ ओढली.
मला वाटलं, त्यांना दुसराच अर्थ लागला.
दुरुस्त करणार होतो.
राहू दिलं.

पुढच्या मंगळवारी दोन्ही खोल्या जिन्याखाली उतरल्या.
खुर्च्या तीनच, म्हणून निळे डॉक्टर उभे.
माझ्यावरून माझ्याचविषयी बोलत राहिले,
अर्धी गोळी, संध्याकाळऐवजी सकाळी,
तोवर मुकादम बाई म्हणाल्या,
"त्यांना विचारा ना."

तिघं माझ्याकडे वळले.
असं वळणं सवयीचं नसतं हो.
"तुम्हाला काय हवंय?"
मी म्हणालो, पाणी.
आणलं. प्यायलो.
मग म्हणालो, थरथर जाऊ दे.
रात्रीचा भात सुटू दे.
आणि एक आवाज राहू दे.

"कुठला?"
बाबांचा. भरती-सुकतीची वेळ सांगतो.

कुणी हसलं नाही.
पिवळ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"कुणाला मारायला सांगतो? स्वतःला काही करायला?"
नाही. फक्त पाण्याचं.
"तसलं काही सांगू लागला तर त्याच दिवशी इथे यायचं. कबूल?"
कबूल.

सगळं बरं झालं असं नाही.
शिमग्याला साखर चढलीच, मी पुरणपोळी नाकारली नव्हती.
आज सकाळी अकरा गाठी मारल्या, तीन चुकल्या.
त्या तीन धाकटा रात्री गुपचूप सोडवतो,
नव्याने मारतो. मी पडल्या पडल्या बघतो.
हेही बाईंना सांगितलं.
म्हणाल्या, पुढच्या वेळी त्याला घेऊन या.
तो म्हणतो, मला काय झालंय?

फायली आता चंपावती
जाळ्याच्याच दोऱ्याने एकत्र बांधते.
वॉचमन विचारतो, कुठल्या खोलीत?
जिन्याखाली, मी म्हणतो.

आज बाबा म्हणाले, सुकती सव्वापाचला.
धाकट्याच्या मोबाईलवर पाच वीस.
पाच मिनिटांचा हा फरक
मी अजून कुणालाच सांगितलेला नाही.