अंतिम अहवाल, पान तिसरे

रकाना चौथा : खर्चाचा तपशील.
रेकॉर्डर एक. खुर्च्या चर्चकडून, उसन्या.
कॉफी, बिस्किटं, आणि विल्डा केट्सला
आणण्या-सोडण्याचं पेट्रोल : सदतीस डॉलर.
(गाडीत बसली की ती म्हणते, खाडीवरूनच चल.
लांबून पडतं. ते मी पदरचं घातलं, इथे धरलेलं नाही.)

रकाना पाचवा : उपक्रमाचे स्वरूप.
दर मंगळवारी, वाचनालयाच्या तळघरात,
हीटर ठणठणत असताना
सार्डिन डब्यात भरणाऱ्या बायका बोलल्या :
बोटांना चिकटपट्टी कशी गुंडाळायची,
कात्रीनं मुंडकं उडवताना नजर कुठे ठेवायची,
मुकादमाला मागून काय काय म्हणायचं
(तेवढा भाग मुलांच्या प्रतीतून गाळला आहे).

तीन कारखाने, तीन भोंगे.
होड्या लागल्या की रात्री दोनलाही वाजायचे
आणि गाढ झोपेतही जिला तिला आपला कळायचा,
दहा रडणाऱ्या पोरांत आपलं कळावं तसा.
आता एकाच्या जागी पार्किंग आहे.
तेही रिकामं.

एप्रिलमध्ये राजधानीहून तुमचं पत्र आलं. चार ओळी.
उरलेले तीन मंगळवार आम्ही तसेच बसलो.
पण अकरा तासांचं बोलणं
अजून कागदावर उतरायचं आहे,
आणि उतरवणारी पोरगी बँगोरला गेली, कामाला.
तिला दोष देत नाही.

रकाना नववा : लाभार्थींची संख्या. आकड्यात लिहा.

टोबायस, वय दहा, आजीची वाट बघत
तळघरात गृहपाठ करायचा.
तिन्ही भोंगे तोंडानं काढायला शिकला.
परवा धक्क्यावरून जाता जाता
त्यानं मधल्या कारखान्याचा काढला,
लांब, शेवटाला किंचित घसरणारा.
वरच्या गल्लीत विल्डा भांडी घासत होती.
तिनं हात पुसले. ड्रॉवर उघडला.
कात्री घेतली, कोटात एक हात घातला,
दारापर्यंत आली
आणि तिथेच उभी राहून हसत सुटली.
फोनवर मला सांगतानाही हसत होती,
मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

मी लिहिलं : एक.
खोडलं. दोन केलं.
मग रात्री दोनला चिकटपट्टी गुंडाळत
उतारावरून निघालेल्या सगळ्याजणी आठवल्या,
आणि रकाना तर एवढासा.

कोरा सोडला आहे.
सोबत पेट्रोलची पावती.