येतो

डिसेंबरातली सव्वापाचची वेळ.
उजळाईवाडीच्या टॉवरच्या काचेला गुऱ्हाळांचा धूर लागलेला.
गोकुळ शिरगावची फौंड्रीची चिमणी अख्खी दिसली
तर हवा ठीक, असा माझा घरगुती हिशेब.
आज अर्धीच दिसत होती.

वर दोन विमानं.
एक हैदराबादचं, एकाहत्तर प्रवासी.
दुसरं भूपाल मगदुमांचं, दोन सीटचं,
मागं बहुतेक भडंगाचा डबा.
मगदूम साठीला आले आणि उडायला शिकले.
नियमानं इंग्रजी बोलतात, पहिली दोन वाक्यं.
मग गाडी कच्च्या रस्त्याला लागते.

"चार्ली किलो, पुढं काय करणार ते कळवा," मी म्हणालो.
खरखर. घसा साफ केल्याचा आवाज.
"बरं मॅडम. येतो."

मी हैदराबादला वर थांबवलं.
धावपट्टी मोकळी, दिवे पूर्ण उजेडावर.
खाली बंबाजवळ सुतारमामांनी
चुन्याची डबी खिशात टाकली, टोपी घातली.
मी पूर्वेकडं बघत बसलो.
एक मिनिट. चार. सात.
"चार्ली किलो, कुठं आहात कळवा."
"चार्ली किलो, टॉवर."
"मगदूमसाहेब."
ही शेवटची हाक पुस्तकात नाही.

हैदराबादचा कॅप्टन इंधनाचं बोलला,
सभ्यपणे, दोनदा.
अकराव्या मिनिटाला त्यांना उतरवलं.
एकाहत्तर माणसं फोन कानाला लावून
जिन्यावरून खाली आली: पोचलो, हो, पोचलो.
पाठीमागं धुरात सूर्य वेळेआधीच विझला.
हुपरीच्या बाजूला उसात जाळ दिसला
आणि माझे पाय गार पडले.
पाला पेटवला होता कुणीतरी. एवढंच.

सव्वीसाव्या मिनिटाला फोन. कराडहून.
आधी कपबशीचा आवाज, मग ते:
"उतरलो की सुखरूप. सांगितलं हुतं न्हवं तुमास्नी?
येतो म्हटलं.
निघताना काय जातो म्हणायचं व्हय?"

ऐकलं ते परत म्हणून घ्यायचं, हा आमचा धर्म.
उंची परत, दिशा परत, धावपट्टीचा आकडा परत.
तो एक शब्द मी परत म्हणून घेतला नाही.
उंबऱ्यात हजारदा ऐकलेला, त्याचं काय विचारायचं!
पण दिवसभर येणाऱ्यांचीच वाट बघणाऱ्याला
येतो म्हणजे येतोच.

चौकशी झाली. टेप कागदावर उतरली.
रकाना सहा: उच्चारलेले नेमके शब्द.
रकाना सात: त्यांचा अर्थ.
सहा लगेच भरला.
सातपाशी पेनातली शाई वाळली.
पुण्याहून आलेल्या साहेबांनी माझा जबाब वाचून विचारलं,
"'मी थांबलो', 'मी बघत बसलो',
टॉवरमध्ये त्या वेळी हा पुरुष कोण होता?"
मीच, म्हणालो. कागलची आहे मी.
आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो', 'गेलो'च म्हणतात.
त्यांनी समासात काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.

संक्रांतीच्या आधी मगदूम टॉवर चढून आले,
दमलेले, हातात काकवीची बाटली.
चूक कुणाची ते दोघांनीही काढलं नाही.
चहा झाला. लेकाच्या लग्नाचं बोलले, लोखंडाच्या भावाचं बोलले,
खुर्चीतनं काचेबाहेर बघत म्हणाले,
"हितनं लई बारीक दिसत असंल माझं इमान."

मग उठले. दारात थांबले.
बटण दाबून बोलण्याआधी थांबतात तसे.
आणि एकेक अक्षर सुटं करून,
स्पष्ट, कुठल्याही रकान्यात बसेल असं म्हणाले:
"मॅडम. जातो."

"असं म्हणू नये," मी म्हणालो. तोंडातल्या तोंडात.

जिन्यात वारा होता.
दोन पायऱ्या उतरलेले ते परत वर आले,
कानामागं हात धरून:
"परत सांगा?"