अठ्ठ्याऐंशी

शाहूपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये
टेबलावर अण्णांचा कसोटीचा दगड असतो,
रिपोर्टांवर वजन म्हणून.
गुजरीत चाळीस वर्षं त्यांनी त्याच्यावर रेघा ओढल्या.
थेंबभर तेजाब.
राहिली ती सोन्याची, गेली ती पितळेची.
गिऱ्हाइकाचं वय त्यांनी विचारल्याचं आठवत नाही.

मंगळवारी दोन कागद एकाच चिमट्यात आले.
आयान शिकलगार, चार महिने, मुरगूड.
सुकुमार मगदूम, एकतीस, शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर.
दोघांच्या रक्तात एएफपी अठ्ठ्याऐंशी.
शिकायला आलेल्या पोरानं
दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल काढले होते.
मी एक खोडला.

चार महिन्यांच्या रक्तात तो आकडा घरचाच,
पोटातून बरोबर आणलेला,
पूर ओसरताना पंचगंगा घाटाची एकेक पायरी सोडते
तसा उतरत असतो.
वाढदिवसापर्यंत तळाला जाईल.
एकतिसाव्या वर्षी मात्र
हे पाणी आलं कुठून, ते शोधावं लागतं.

आयानची गाठ आईच्या हाताला लागली, तेल लावताना.
दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत ती बसली होती.
सुकुमारची त्यालाच लागली, अंघोळीत,
गणपती बसायच्या आधी.
आता माघ चालू होता.
'दुखत न्हवतं म्याडम. दुखलं असतं तर आलोच असतो.'
अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य:
म्हणीतसुद्धा आधी दुखणं लागतं.
नुसत्या अवघड जागेवर
कुणी म्हण केलेली नाही.

गुरुवारी आयानला टेबलावर घेतलं, जांघेतून चीर.
गाठ तेवढी सोलून माझ्याकडे आली,
करंगळीच्या नखाएवढी,
कडेला तिळाएवढा शेजार, आणि निरोप:
बाकीचं ठेवू की काढू? पोरगं भुलीत आहे.
गोठवली. कापली. रंगवली.
भिंगाखाली कूर्चेचं बेट, कातडीचा पापुद्रा,
आतड्यासारखी एक ग्रंथी,
जणू कुणी दुसरं बाळ करायला घेतलं
आणि अर्ध्यावर कंटाळलं.
शेजारच्या नळ्या बारीक, झोपलेल्या. आत कुणी नाही.
फोनवर म्हटलं, ठेवा.

शनिवारी सुकुमारचं बरणीतून आलं, सबंध.
तीच कूर्चा. तोच पापुद्रा.
शपथ सांगते, काचा कुणी बदलल्या असत्या
तर नुसत्या गाठीवरून मला ओळखता आलं नसतं.
मग गाठ सोडली आणि शेजार बघत गेले.
तिथे त्या बसल्या होत्या,
मोठ्या, फिकट पेशी, नळीच्या भिंतीला पाठ लावून,
भाडं न देता वर्षानुवर्षं राहिलेल्या.
पुढे, एका कोपऱ्यात, विणकाम अर्धवट सोडावं तशी जाळी.
अठ्ठ्याऐंशी इथून येत होते.

दोन्ही रिपोर्टांत टेराटोमा लिहिलं.
शब्द तोच. एकापुढे सौम्य.
दुसऱ्यापुढे आणखी साडेतीन ओळी.

तो रिपोर्ट न्यायला स्वतः आला.
मंगळवारी बाकावर त्या आईशेजारी बसला होता,
बाळाची बाटली धरली होती म्हणे.
'त्येला बी ह्योच रोग न्हवं? त्येचं सौम्य,
मग माझं बी सौम्यच लिवा की.'
मी म्हटलं, नाव एक आहे, रोग एक नाही.
वय बदललं की हीच गाठ चालायला शिकते.
स्कॅन होईल, औषधं लागतील,
यातून बहुतेक लोक बरे होतात.
यातलं त्यानं किती ऐकलं, माहीत नाही.

तो दगडाकडे बघत होता.
'ह्ये काय?'
सांगितलं.
त्यानं बोटातली अंगठी ओढून काढली,
साबण न लावता निघाली इतकी सैल,
आणि दगडावर एक रेघ मारली.
'बघा. सासऱ्यानं दिल्याली.'

रेघ अजून आहे.
तेजाबाची बाटली फळीवरच असते,
हाताच्या अंतरावर.